बंद करायची यादी

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं गेटपास बनवले. माल बाहेर जायचा तर गेटपास हवा, त्यावर तारीख हवी आणि सही हवी. साहेब स्वतः फोनवर ओरडले तरी सहीशिवाय मी टेम्पो सोडायचे नाही. वरून एखादी सूचना एकदा लेखी आली, की ती रद्द केल्याचा दुसरा कागद येईपर्यंत ती चालू. या एका नियमावर मी अख्खी नोकरी काढली आणि कुणाला माझ्याकडे बोट दाखवता आलं नाही. पुढे याच नियमाने मी आमच्या डोंबिवलीच्या घराचं चौदा महिने हॉस्पिटल करून ठेवलं, ते सांगायचं आहे.

आमचे हे खोपटच्या बस डेपोत होते. गाड्यांच्या वेळा लिहायच्या, प्रवाशांच्या तक्रारी ऐकायच्या आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. आवाज खणखणीत. यांनी घरात मला हाक मारली की खालच्या मजल्यावरची बाई 'ओ' देते, असं मी चिडवायचे. तंबाखूची सवय डेपोतलीच. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी डाव्या गालाला आतून एक जखम झाली, ती भरेना, आणि मग जे निघायचं ते निघालं. ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग काढून तिथे मांडीचं कातडं लावलं. नंतर दीड महिना रेडिएशन. माझी नोकरी दीड वर्ष उरली होती, ती मी सोडली. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी आम्ही दोघंही इतके दमलेले होतो, की आनंद झाल्याचं आठवत नाही. तिथल्या मुलीने टाळ्या वाजवल्या, ह्यांनी मान हलवली, मी फाईल उचलली आणि आम्ही निघालो. निघताना एक कागद मिळाला होता. जेवण मिक्सरमधून काढून, पातळ. पाणी उकळून गार केलेलं. तिखट, आंबट, गरम नाही. गर्दीत जायचं नाही, तोंडाला मास्क. ताप रोज दोन वेळा बघायचा. तोंड उघडायचा व्यायाम दिवसातून पाच वेळा. खाली तारीख, सही, शिक्का. मी तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फ्रीजवर चिकटवला.

उपचार चालू होते तोपर्यंत माणसं होती. कुणी डबा द्यायचं, कुणी सोबत यायचं, माझी बहीण रोज संध्याकाळी फोन करायची. शेवटच्या रेडिएशननंतर सगळे म्हणाले, सुटलात एकदाचे, आणि आपापल्या कामाला लागले. त्यांचं काही चुकलं नाही, आजारी माणसाकडे कुणी किती दिवस बघणार. पण उपचार संपले म्हणजे नक्की काय संपलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की नवऱ्याचं वजन अकरा किलोने उतरलंय, थुंकी सुकलेली आहे, तोंड बोटभरही उघडत नाही आणि फ्रीजवर कागद आहे.

दोन महिन्यांनी दाखवायला गेलो. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं, मान चाचपली, छान आहे म्हणाले आणि फाईलमध्ये लिहिलं, आहे तेच चालू ठेवा. पुढच्या वेळीही तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. बाहेर माणसांची रांग खोळंबलेली, एकेकाला जेमतेम तीन मिनिटं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन मी 'आहे ते' सगळंच्या सगळं चालू ठेवलं.

आमचं जेवणाचं टेबल आधीच दवाखान्याला गेलं होतं. त्यावर औषधांचा ट्रे, थर्मामीटर, वजनाची वही, मिक्सर, दोन गाळण्या, उकळलेल्या पाण्याचं पातेलं आणि तोंड उघडायच्या काड्यांचा डबा. या काड्या म्हणजे आइस्क्रीमला असतात तसल्याच लाकडी चपट्या काड्या. एकीवर एक रचून त्यांची थप्पी दातांमध्ये धरायची आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची, म्हणजे आखडलेला जबडा सैल होतो. सुरुवातीला सात काड्या बसत होत्या. मी रोजचा आकडा वहीत लिहायचे. सातच्या आठ झाल्या त्या दिवशी मी कल्याणला मुलीला फोन करून सांगितलं, आणि ती बिचारी 'वा' म्हणाली, कारण दुसरं काय म्हणणार.

हे आतल्या खोलीत पलंगावर बसून जेवायचे. घास डाव्या बाजूने ओघळायचा, कळायचं नाही, आणि कुणी बघितलेलं त्यांना चालायचं नाही. मी वाटी, चमचा, रुमाल ठेवून बाहेर यायचे आणि दार लोटून घ्यायचे. माझं जेवण काय, ओट्याशी दोन घास व्हायचे. रेडिएशनच्या दिवसांत फोडणीच्या वासाने त्यांना मळमळायचं म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लावून स्वतःपुरतं काहीतरी करायचे, आणि मग दार उघडून मिक्सरचं भांडं विसळता विसळता खाऊन घ्यायचे. ते पुढेही तसंच चालू राहिलं.

मला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. देवाकडे मी दीर्घायुष्य वगैरे मागितलं नाही, ते डॉक्टरांचं खातं. मला एवढंच हवं होतं, की ह्यांनी परत माझ्यासमोर बसून जेवावं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी भांडणं आम्ही जेवताना केली होती. आमटीत मीठ जास्त, पोळी जाड, तुझ्या भावाने असं केलं, तुमच्या आईने तसं केलं. ते सगळं मला परत हवं होतं. त्याऐवजी आत एक माणूस वाटी संपवत होता, बाहेर मी चमचे उकळत होते, आणि दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे ताप किती, शी झाली का आणि काड्या किती.

मुलगी रविवारी यायची. एकदा म्हणाली, आई, बाबांना साधा मऊ भात दे ना, किती दिवस ते लापशीसारखं खाणार. मी तिला हाताला धरून फ्रीजपाशी नेलं आणि कागद वाचायला लावला. ती म्हणाली, याच्यावरची तारीख तरी बघ. मी म्हटलं, तारीख बघितली, रद्द केल्याचा दुसरा कागद दाखव. ती आत बाबांकडे निघून गेली. मी जिंकले होते.

वर्ष उलटल्यावर हे दर मंगळवारी खोपटला जायला लागले. जुने सोबती भेटतात, जरा बरं वाटतं, म्हणाले. मला पसंत नव्हतं, पण जाऊ दिलं. बरोबर मास्क, पाण्याची बाटली आणि थर्मासमध्ये पातळ केलेली खिचडी. थर्मास रिकामा परत यायचा, तेव्हा मी निश्चिंत होते.

असाच एक मंगळवार. आमच्या कंपनीतल्या एका बाईचा निरोपसमारंभ होता. मी वागळे इस्टेटला चालले होते आणि रिक्षा खोपटला गर्दीत अडकली म्हणून उतरून चालायला लागले. डेपोच्या समोरच्या बाजूला एक साधं हॉटेल आहे. त्याच्या बाहेरच्या टेबलाशी हे बसलेले. मास्क हनुवटीखाली. पुढ्यात इडली-सांबार. इडली सांबारात पार कुस्करून चमच्याने खात होते. समोर त्यांचा डेपोतला जुना सोबती, तोही तेच खात होता. मधेच ह्यांच्या हनुवटीवर काहीतरी ओघळलं. सोबत्याने नुसतं स्वतःच्या हनुवटीला बोट लावून दाखवलं, ह्यांनी रुमालाने पुसलं आणि दोघं परत बोलायला लागले. हे हसत होते. तोंड वाकडं होत होतं हसताना, पण हसत होते.

मी उसाच्या रसाच्या गाड्याआड उभी राहून हे सगळं बघितलं. एखाद्या बाईने नवऱ्याला दुसऱ्या बाईबरोबर पकडावं तशी. मला आधी धडकी भरली, की हे घशात अडकणार. अडकलं नाही. मग मला राग आला, आणि असा राग मला आयुष्यात फार कमी वेळा आलाय. चौदा महिने मी उभ्याने दळतेय, गाळतेय, उकळतेय, आणि हे इथे इडली खातायत. तरी मी तिथे गेले नाही. मी समारंभाला गेले, हार घातला, दोन शब्द बोलले, घरी आले आणि मिक्सर लावला.

संध्याकाळी ह्यांनी माझी खिचडीही पूर्ण खाल्ली. चाटून पुसून. वाटी बाहेर आणून दिली आणि म्हणाले, छान झालेली.

मी बारा दिवस काही बोलले नाही. माझ्यासारख्या बाईला बारा दिवस गप्प बसणं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. तेराव्या दिवशी दुपारी त्यांनी वाटीत थोडं टाकलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"इडली असती तर संपवली असती ना?"

ह्यांनी वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. ऑपरेशननंतर त्यांचे शब्द जरा बोबडे येतात, घाईत तर जास्तच. पण त्या दिवशी ते सावकाश बोलले.

"तू बघितलंस. कधी?"

मी सांगितलं. आणि मग जे तोंडाला येईल ते बोलले. की मला मूर्ख बनवलंत, की थर्मास गटारात ओतत होतात. तर म्हणाले, ओतला नाही कधी. बसस्टॉपवर बसून आधी ती खिचडी खायचो, मग इडली. तू एवढं करून देतेस, टाकणार कसं.

म्हणजे हा माणूस दर मंगळवारी दोनदा जेवत होता. मला हसूही येईना आणि रडूही येईना. मी विचारलं, मग घरी का नाही सांगितलंत, घरी इडली केली असती, मला काय येत नाहीत इडल्या करायला?

"इडलीचं नाही गं काही," ते म्हणाले. "तिथे समोर कुणीतरी असतं."

मला वाटलं टोमणा मारला. सोबती हवे, बायको नको, असा त्याचा अर्थ मी लावला आणि दोन दिवस त्यांच्याशी थर्मामीटरपुरतंच बोलले.

पुढच्या आठवड्यात तपासणीची तारीख होती. डॉक्टरांनी नेहमीसारखी बॅटरी मारली, मान चाचपली, छान म्हणाले. मी तक्रार केली, अगदी शाळेत वर्गशिक्षकांकडे करावी तशी. म्हटलं, हे बाहेर इडली खातात. डॉक्टर म्हणाले, मग खाऊ देत की. मी म्हटलं, अहो, पण तुम्ही लिहून दिलंय. ते म्हणाले, काय लिहून दिलंय? येताना पर्समध्ये घातलेला तो फ्रीजवरचा कागद मी पाकिटासकट काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला. तारीख बघितली. मग फाईल चाळली.

"काकू, हे रेडिएशननंतरच्या पहिल्या महिन्या-दोन महिन्यांचं होतं. आहे तेच म्हणजे मी औषधांचं लिहीत होतो."

मला ओरडावंसं वाटलं. मग हे कुठे लिहिलंय, असं विचारावंसं वाटलं. पण डॉक्टर खरोखर ओशाळलेले दिसत होते, आणि बाहेर रांग होती. त्यांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या वर्गात महिन्यातून दोन शनिवारी एक निवृत्त सिस्टर बसतात, उपचार संपलेल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. म्हणाले, दोघंही जा. एकट्या नका जाऊ.

गेलो. दुसरी की तिसरीचा वर्ग होता, फळ्यावर पाढे, भिंतीवर फळांची चित्रं, आणि बाकडी इतकी लहान की ह्यांना पाय बाहेर काढूनच बसावं लागलं. पाच-सहा जोड्या आलेल्या. कुठे नवराबायको, कुठे आईमुलगी. सिस्टर कल्याणजवळच्या एका गावातल्या, पिढ्यान्पिढ्या तिथल्याच. नोकरी सगळी सरकारी दवाखान्यात गेली तरी बोलण्यात गावचा हेल तसाच होता. त्यांनी ह्यांना विचारलं, कसं वाटतंय. मी सांगितलं, आता बरं आहे, वजन चार किलो वाढलंय. त्यांनी परत ह्यांना विचारलं, झोप लागते का. मी सांगितलं, पहाटे जाग येते. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हसून म्हणाल्या, "काकी, मी त्यांना इचारला गो." सगळा वर्ग हसला. हेही हसले. मी लाल झाले असणार.

सिस्टरांची पद्धत साधी होती. उपचार चालू असताना सुरू केलेली आणि घरात अजून चालू असलेली प्रत्येक गोष्ट कागदावर लिहायची. लहानमोठी, सगळी. पेशंटने वेगळी यादी करायची आणि सांभाळणाऱ्याने वेगळी. शेजारी बसायचं नाही, कारण शेजारी बसलं की एकजण सांगतो आणि दुसरा लिहितो. लिहून झालं की सिस्टर एकेक ओळ बघणार. जे बंद करायचं त्यावर आडवी रेघ आणि बाजूला सही, जे चालू ठेवायचं त्याला गोल, आणि जिथे त्यांना स्वतःला खात्री नाही तिथे 'डॉक्टरांना विचारा'. लोकांना सही लागते, हे त्यांना अनुभवाने कळलेलं होतं. माझ्यासारख्या बऱ्याच जणी येऊन गेलेल्या असणार.

मी खिडकीजवळच्या बाकड्यावर बसले आणि ह्यांना दाराकडच्या बाकड्यावर बसवलं. माझी यादी तेवीस ओळींची झाली. मिक्सर, गाळणी, उकळलेलं पाणी, वेगळी भांडी, चमचे उकळणं, दोनदा ताप, दर सोमवारी वजन, मास्क, पाहुण्यांनी बाहेर हात धुणं, उदबत्ती बंद, घरात फुलं बंद, फोडणीच्या वेळी दार बंद, नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला जाणं बंद. अशा ओळीवर ओळी. लिहिताना मला अभिमान वाटत होता, हे कबूल करते. वार्षिक अहवाल लिहावा तसं मी ते लिहिलं. मधे मान वर करून बघितलं तर ह्यांचं पेन खाली ठेवलेलं. कागद उलटा करून हे भिंतीवरचं अननस बघत बसलेले. मला वाटलं, हात दुखत असेल, नाहीतर कंटाळा आला असेल.

सिस्टर माझा कागद घेऊन बसल्या. उकळलेलं पाणी, रेघ, सही. वेगळी भांडी, रेघ, सही. ताप, रेघ. काड्यांना त्यांनी ठळक गोल केला आणि म्हणाल्या, हे जन्मभर करायचं, यात सूट नाही. तंबाखू बंद, त्यालाही गोल. तपासणीच्या तारखा, गोल. तिखटाच्या पुढे लिहिलं, थोडं थोडं चाखून बघा. मिक्सरवर त्यांनी इतकी लांब रेघ मारली, की ती कागदाच्या बाहेर बाकड्यावर गेली. तेवीसमधल्या सतरा ओळी गेल्या. मला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी काय करायचं, हे मला समजेना. मी तसं बोललेही. सिस्टर म्हणाल्या, सगळ्यांना हेच वाटतं काकी, पेशंट बरा होतो आणि सांभाळणाऱ्याच्या हाताला काम राहत नाही. त्याची लाज बाळगू नका.

मग त्यांनी कागदांची अदलाबदल करायला सांगितली. ही त्यांची शेवटची पायरी, प्रत्येकाने दुसऱ्याची यादी मनातल्या मनात वाचायची. हे माझा लांबलचक कागद घेऊन वाचायला बसले. मी ह्यांचा कागद सुलटा केला. एकच ओळ होती.

'हिचं ओट्याशी उभं राहून जेवणं.'

मी ती ओळ दोन-तीन वेळा वाचली. माझ्या तेवीस ओळींत ती नव्हती. ती उपचारातली गोष्ट आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. चौदा महिन्यांत मी एकदाही बसून जेवले नव्हते. उभ्याने, पाठ करून, चोरून खाल्ल्यासारखं खात होते. आणि हा माणूस आत पलंगावर बसून, लोटलेल्या दाराच्या फटीतून ते रोज बघत होता. ह्यांनी समोर बसून जेवावं म्हणून मी जीव टाकत होते, पण बसायचं तर समोर मी हवी ना. तिथे समोर कुणीतरी असतं, असं त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, आणि मी त्यावर दोन दिवस रुसले होते. मी त्या लहानशा बाकड्यावर रडले. सिस्टरांनी पाण्याचा ग्लास दिला. पाणी साधं नळाचं होतं, तेवढंच मला ठळक आठवतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी टेबल रिकामं केलं. मिक्सर ओट्यावर गेला, औषधं कपाटात, वही खणात. मऊ भात, आमटी, उकडलेल्या बटाट्याची भाजी आणि माझ्यासाठी दोन पोळ्या. आमटीला फोडणी दिली तेव्हा दार उघडं ठेवलं. हे येऊन आपल्या जुन्या खुर्चीवर बसले. मी वाढलं आणि समोर बसले.

आमचं ते पहिलं जेवण काही फार सुखाचं झालं नाही. ह्यांना जेवायला पाऊण तास लागतो, थुंकी नसल्यामुळे घासाघासाला पाण्याचा घोट घ्यावा लागतो. माझ्या पोळ्या दहा मिनिटांत संपल्या. हात वाळला. दोनदा उठायला निघाले, एकदा पाणी आणायला, जे टेबलावरच होतं, आणि एकदा उगीच. दुसऱ्यांदा ह्यांनी मान वर न करता नुसतं "बस" म्हटलं. मी बसले. हनुवटीवर आमटी ओघळली तेव्हा मी रुमाल घेऊन धावले नाही. स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. ह्यांनी पुसलं. शेवटी शेवटी म्हणाले, आमटीत मीठ जास्त झालंय. मी म्हटलं, तुमची चव गेलीय, मीठ बरोबर आहे. त्यावर ते म्हणाले, चव जायच्या आधीपासून जास्तच असतं.

आता महिन्यातल्या त्या दोन शनिवारी मी स्वतः सिस्टरांना मदत करायला जाते. कागद वाटते, नवराबायकोंना लांब लांब बसवते, आणि कुणी दुसऱ्याच्या वतीने बोलायला लागलं की सिस्टरांच्या आधी मीच टोकते, त्यात मला जरा आनंदही होतो. माणसं काय काय लिहितात. एका मुलीने लिहिलं होतं, आईची केमो संपून दहा महिने झाले तरी मी फोन सायलेंटवर टाकत नाही, आंघोळीलाही घेऊन जाते. तिच्या आईच्या कागदावर होतं, मुलीला सहलीला पाठवायचंय. आम्ही सल्ले फारसे देत नाही. लिहायला लावतो आणि एकमेकांचं वाचायला लावतो.

ह्यांच्या काड्या सध्या सोळा बसतात. मंगळवारी खोपटला जातात, थर्मास नसतो. गेल्या नवरात्रात आम्ही टेंभी नाक्यावर जाऊन आलो. गर्दी असते तशीच होती. तपासणीच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघंही चिडचिडे होतो, ते काही कुणाच्या सहीने बंद होणार नाही.

नवीन येणाऱ्या बायकांना मी माझी फाईल दाखवते. चौदा महिने फ्रीजवर होता तो कागद, सिस्टरांच्या सतरा रेघांचा माझा कागद आणि सगळ्यात वर ह्यांचा. तो मी त्या रविवारी जेवण झाल्यावर फाईलला लावायला घेतला होता. वर्गात डोळे भरलेले असल्यामुळे मी फक्त ओळच वाचली होती. पंच करताना खालचा कोपरा बघितला. तिथे त्या दिवसाची तारीख घातलेली होती आणि तारखेखाली ह्यांची ती डेपोतली लांब शेपटीची पूर्ण सही. सिस्टरांनी सही करायला कुणालाच सांगितलं नव्हतं. पण सही असल्याशिवाय मी काही बंद करत नाही, हे ह्यांना पक्कं माहीत होतं.